सेवानिवृत्तांचा जलरंगाभ्यास

'निवृत्ति' हा शब्द आपल्या शास्त्रकारांनीं मोठ्या अर्थानें योजिला होता. प्रवृत्तीची वाट चालून झाल्यावर मनानें विषयांपासून आपण होऊन मागें वळणें, ती निवृत्ति. हल्लीं त्या शब्दास 'सेवा' हें पूर्वपद जोडलें गेलें आणि त्याचा अर्थ एका तारखेपुरता उरला. महाराष्ट्र राज्याच्या बहुतेक नोकरांस अठ्ठावन्नाव्या वर्षीं आणि केंद्र सरकारच्या नोकरांस साठाव्या वर्षीं ती तारीख येते. हार, नारळ, शाल आणि दोन भाषणें होतात. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, काल सायंकाळपर्यंत ज्यांच्या सहीवांचून कागद हालत नव्हता, ते गृहस्थ घरांत कोणत्या खोलींत बसावें या विवंचनेंत उभे असतात. मन विषयांपासून वळलेलें नसतें. विषय तेवढा काढून घेतलेला असतो. अशा गृहस्थांपैकीं जे आयुष्यभर यंत्रें, पूल, धरणें, विजेच्या तारा किंवा कारखान्यांतील मापें यांत रमले, त्यांच्याविषयीं आणि त्यांतील कांहींनीं उतारवयांत मनापासून धरलेल्या जलरंगाच्या अभ्यासाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आम्हीं योजिलें आहे.

आम्ही मास्तर लोक या बाबतींत भाग्यवान म्हणावयाचे. पेन्शन झालें तरी शेजारचें एखादें पोर 'राम' शब्द चालवून घ्यावयास येतेंच. वैद्यास रोगी सुटत नाहींत, वकिलास पक्षकार सोडीत नाहींत. परंतु इंजिनिअरास आपलें धरण घरीं आणतां येत नाहीं. पस्तीस वर्षें हातास व डोळ्यास लागलेलीं वळणें तशींच राहतात आणि त्यांस खाद्य मिळेनासें होतें. मग तीं घरांत खाद्य शोधूं लागतात. नळाची गळती, दिव्यांचीं बटणें, दुधाचा हिशेब, इतकेंच नव्हे तर सूनबाईंनीं कुकर किती शिट्ट्यांनीं उतरवावा, येथपर्यंत त्यांची तपासणी पोहोंचते. हा घरोघरचा अनुभव आहे. यास स्वभावदोष म्हणणें अन्यायाचें होईल. ती बेकार झालेली कुशलता होय. कुशलतेस दुसरें काम देणें हाच त्यावरील उपाय.

आमच्या स्नेह्यांपैकीं एक गृहस्थ पाटबंधाऱ्यांच्या कामांवर चौतीस वर्षें घालवून घरीं आले. घर भरलेलें: नव्वदीच्या घरांतील मातोश्री, दोन मुलगे, सुना आणि तीन नातवंडें. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनीं घरांतील प्रत्येक स्क्रू आवळला, आणि त्याबरोबर घरांतील माणसेंहि आवळत आणिलीं. इतक्यांत धाकट्या नातीची 'एलिमेंटरी' ही चित्रकलेची परीक्षा आली. भूमितीचा भाग आजोबांनीं तिला शिकविला. आणि भांड्याची सावली काळ्या रंगानें रंगवावयाची नसते, ती पाहिल्यास निळसर दिसते, हें तिनें आजोबांस शिकविलें. या गोष्टीस आतां सहा वर्षें झालीं. नात महाविद्यालयांत गेली, रंगपेटी आजोबांकडे राहिली. त्यांचा अभ्यास जवळून पाहण्याचा योग आम्हांस आला, म्हणून पुढील मजकूर केवळ पुस्तकी नाहीं.

नकाशाघरांतून निघालेली कला

यंत्रज्ञानें जलरंग हातीं धरणें म्हणजे परक्या घरांत शिरणें, असें कित्येकांस वाटतें. इतिहास नेमका उलट सांगतो. इंग्रजी जलरंगाचा जनक म्हणून ज्याचें नांव घेतात तो पॉल सँडबी (१७३१–१८०९) लंडनच्या टॉवरमधील लष्करी नकाशाघरांत तयार झाला. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखाची लष्करी मोजणी १७४७ सालीं सुरू झाली, तींत तो नकाशे काढावयास होता. टेंकड्यांचे उतार पातळ रंगानें दाखवितां दाखवितां त्याचा हात निसर्गचित्रांकडे वळला. पुढें १७६८ सालीं तो वुलिच येथील लष्करी विद्यालयांत मुख्य ड्रॉइंग-शिक्षक झाला आणि त्याच वर्षीं स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांतहि त्याचें नांव आहे. आपल्याकडे पाहावें तर अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुण्याच्या गंगाराम तांबटांनीं इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठीं वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढलीं. तींत मोजमाप आणि चित्र हीं एकमेकांचा हात धरून चाललेलीं दिसतात.

एकोणिसाव्या शतकांतील यंत्रांचे आराखडेहि जलरंगांनींच रंगवीत. विटांचें काम तांबड्यानें, घडीव लोखंड निळ्यानें, पितळ पिवळ्यानें, असा संकेत असे. तें पिवळें पुष्कळदां गॅम्बोज असे, म्हणजे ज्या कुळांत आपलें कोकम त्याच कुळांतील कंबोडियाकडील एका वृक्षाचा चीक. आणि निळें तें प्रशियन निळें. हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन येथें अकल्पित रीतीनें हातीं लागला; १८४२ सालीं जॉन हर्शेल यानें कागदावर तोच रंग उजेडानें उमटविण्याची युक्ति शोधून काढली, आणि तीच पुढें 'ब्ल्यू प्रिंट' झाली. ज्यांचें आयुष्य निळ्या नकाशांत गेलें, त्यांनीं रंगपेटींतील प्रशियन निळ्याची नळी उघडली असतां जुना सहकारी भेटल्यासारखें वाटावें, यांत नवल नाहीं.

वयाची अडचण सांगणारांसाठीं दोन उदाहरणें पुरेत. वाफेच्या घणाचा कर्ता जेम्स नास्मिथ यानें १८५६ सालीं, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, भरभराटीचा कारखाना सोडला आणि पुढील काळ दुर्बिणींतून चंद्राचीं चित्रें काढण्यांत घालविला; त्यांवरून त्यानें प्लॅस्टरचे नमुने बनविले आणि १८७४ सालीं सहलेखकासह चंद्रावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसरें उदाहरण रवींद्रनाथांचें. ते यंत्रज्ञ नव्हते. परंतु साठी उलटल्यावर ते चित्रकलेकडे गंभीरपणें वळले, १९३० सालीं पॅरिस येथें त्यांच्या चित्रांचें पहिलें प्रदर्शन झालें तेव्हां ते एकोणसत्तरीचे होते, आणि त्यांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रें झालीं.

सहा अंगें

कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेंत चित्राचीं सहा अंगें दिलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. शेकडों वर्षांपूर्वींची ही यादी आजहि विद्यार्थ्याच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. यंत्रज्ञ या परीक्षेस बसला तर 'प्रमाण' या विषयांत तो पहिल्या दिवशींच पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होतो. उभी रेषा उभी, आडवी आडवी, अंतराबरोबर खांब किती लहान व्हावा हें त्यास सांगावें लागत नाहीं. 'रूपभेदां'तहि तो कमी पडत नाहीं. त्याची खरी कसोटी शेवटच्या अंगांत आहे. वर्णिकाभंग म्हणजे कुंचला आणि रंग चालविण्याची हातोटी. आणि जलरंगांत तिचा अर्थ पाणी चालविणें असा होतो.

येथें त्याची जुनी शिस्त त्यास आडवी येते. आराखड्यांत प्रत्येक वस्तूस कडा असते, डोळ्यास मात्र ती नेहमीं दिसत नाहीं. पहाटेच्या धुक्यांत टेंकडी कोठें संपते आणि आकाश कोठें सुरू होतें हें पट्टीनें सांगतां येत नाहीं. आमचे स्नेही आरंभीं घराच्या कौलांतील प्रत्येक कौल मोजून काढीत. सत्तावीस कौलें असलीं तर चित्रांत सत्तावीस! चित्र बिनचूक होई, पण त्यांत ऊन पडत नसे. पुढें त्यांच्या शिक्षकानें, जो त्यांच्या धाकट्या मुलाहून लहान होता, त्यांस डोळे किलकिले करून पाहावयास सांगितलें. असें पाहिलें म्हणजे बारीक तपशील नाहींसा होतो आणि उजेड-अंधाराचे चार-पांच मोठे तुकडे तेवढे उरतात. त्या तुकड्यांचा लहानसा कच्चा आराखडा पेन्सिलीनें आधीं करावा, मगच रंगास हात घालावा. हा नियम ऐकतांच स्नेह्यांची कळी खुलली. कारण आराखड्यावांचून काम सुरू करूं नये, हें तर ते स्वतःच चौतीस वर्षें सांगत आले होते.

चित्रसूत्राचा येथें आठव होतो. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत वज्र राजा मूर्तिविद्या शिकावयास येतो, तेव्हां मार्कण्डेय ऋषि सांगतात कीं त्यासाठीं चित्रकला जाणली पाहिजे; चित्रकलेसाठीं नृत्य, नृत्यासाठीं वाद्य आणि वाद्यासाठीं गीत. एका विद्येचें दार दुसऱ्या विद्येंतून उघडतें. मग पाटबंधाऱ्यांच्या विद्येंतून जलरंगाचें दार उघडलें तर त्यांत शास्त्रविरुद्ध काय?

पाण्याची शिस्त

तैलरंगांत चूक झाली तर खरडून वर दुसरा थर देतां येतो. पारदर्शक जलरंगांत तशी सोय नाहीं. या रंगांतून उजेड आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो आणि म्हणून चित्र आंतून उजळल्यासारखें दिसतें. अर्थात् पांढरा रंग असा येथें नाहींच. जेथें पांढरें हवें तेथें कागद कोरा राखावयाचा. फिक्याकडून गडदाकडे जावयाचें आणि काय करावयाचें नाहीं हें आधीं ठरवावयाचें. साध्या पाण्याच्या रंगांत किती तेज सांठवतां येतें हें पाहावयाचें असल्यास म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील, हातांत दिवा घेतलेल्या स्त्रीचें चित्र पाहावें. पुष्कळ लोक तें राजा रविवर्म्याचें समजतात. तें सावंतवाडीकडील सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचें आहे आणि जलरंगांतील आहे.

पाण्याच्या वागणुकीस कारणें आहेत, आणि तीं समजलीं म्हणजे यंत्रज्ञाचें मन शांत होतें. ओला हात अर्धवट वाळत असतां त्यावर जास्त ओला थेंब पडला कीं तें पाणी रंगाचे कण पुढें ढकलीत नेतें आणि फुलकोबीसारखी दातेरी कडा उठते. थेंब वाळतांना त्याच्या कडेस गडद वर्तुळ कां उरतें, याचा उलगडा १९९७ सालीं शिकागो येथील संशोधकांनीं केला: थेंबाची कडा कागदास खिळलेली असते, तेथें पाणी लवकर उडतें, त्याची भर करण्यासाठीं मधलें पाणी कडेकडे वाहतें आणि कणांस बरोबर नेतें. चहाच्या कपाखालचें वर्तुळ तेंच आणि चित्रांतील पानाची ठसठशीत कडाहि तीच. अल्ट्रामरीन निळ्याचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार पोत देतात. प्रशियन निळें बारीक असल्यामुळें सपाट पसरतें. आमचे स्नेही हें सारें वहींत तक्त्यानें लिहून ठेवितात: कोणता रंग, किती पाणी, किती मिनिटांनीं दुसरा हात. इतकें असूनहि दहांतील तीन वेळां पाणी आपलेंच खरें करतें. ते म्हणतात, "धरणावर पाण्यानें माझें ऐकावें म्हणून पगार मिळत होता, येथें मीं पाण्याचें ऐकावें म्हणून बसतों."

साहित्य व हवा

मुलगे हौसेनें वडिलांस अट्ठेचाळीस रंगांची पेटी आणून देतात. हेतु चांगला, पण क्रम चुकतो. पहिला मान कागदाचा, दुसरा कुंचल्याचा आणि तिसरा रंगांचा. चौरस मीटरास तीनशें ग्रॅम वजनाचा, कापसाच्या लगद्याचा, चांगली खळ दिलेला कागद घ्यावा. पातळ कागद ओला होतांच पापडासारखा फुगतो. कुंचले दोन पुरेत, एक मोठा गोल आणि एक मध्यम. जुन्या पिढीस मुंगसाच्या केसांचे कुंचले आठवत असतील. परंतु मुंगुसास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याखालीं संरक्षण आहे आणि त्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. कृत्रिम धाग्याचे कुंचले आतां चांगले मिळतात, तेच घ्यावे. रंग सहा घेतले तरी वर्षभराचा अभ्यास होतो: दोन निळे, एक गुलाबी तांबडा, एक लख्ख पिवळा, पिवळ्या मातीचा ओकर आणि भाजल्या मातीचा बर्न्ट सिएना.

रंग निवडतांना तो टिकेल किंवा नाहीं हें पाहावें. अल्ट्रामरीन एके काळीं बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून होई आणि सोन्याच्या तोलाचें मानलें जाई. पुढें गिमे या फ्रेंच रसायनज्ञाच्या कृतीनें तें कारखान्यांत होऊं लागलें आणि आज सामान्यासहि परवडतें. तो रंग टिकाऊ. उलट मंजिष्ठेंतील तांबडें जें द्रव्य १८६८ सालीं प्रयोगशाळेंत बनविलें गेलें, तें ॲलिझरिन उजेडांत हळूहळू उडतें. १८८८ सालीं रसेल व ॲब्नी यांनीं जलरंगांवरील उजेडाच्या परिणामाचा अहवाल इंग्लंडांत सादर केला. त्यांपैकीं ॲब्नी हे लष्करी इंजिनिअर होते. नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचून घ्यावा, आणि चित्र भिंतीवर लावल्यास ऊन पडणार नाहीं अशा जागीं लावावें.

पुस्तकें बहुधा विलायती हवेसाठीं लिहिलेलीं असतात, हें ध्यानांत ठेवावें. वैशाखांत देशावर आकाशाचा हात अर्ध्यावर येईपर्यंत वरचा भाग वाळून जातो आणि मध्यें पट्टा उठतो. त्यासाठीं कागद पाठपोट भिजवावा, पंखा बंद ठेवावा आणि सकाळीं नऊच्या आंत काम उरकावें. आषाढ-श्रावणांत उलट प्रकार: हात तासभर वाळत नाहीं, कागदाची खळ ओल धरते आणि तो टिपकागदासारखा वागूं लागतो, शिवाय बुरशीचे डाग पडतात. कागद वर्तमानपत्रांत गुंडाळून जमिनीपासून उंच, कोरड्या कपाटांत ठेवावा. मात्र ओल्यावर ओला रंग सोडून ढग काढावयाचे असल्यास याहून चांगला काळ नाहीं. बाहेर ढगहि तयार असतात.

डोळ्यांविषयीं एक सूचना. मोतीबिंदु वाढूं लागला म्हणजे डोळ्यांतील भिंग पिवळसर-तपकिरी होतें आणि निळे रंग मंद दिसतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांस १९१२ सालीं मोतीबिंदु असल्याचें सांगण्यांत आलें. त्यांनीं शस्त्रक्रिया टाळली आणि मधल्या काळांतील त्यांचीं कांहीं चित्रें तांबूस-तपकिरी झालीं. १९२३ सालीं, ब्याऐंशीव्या वर्षीं, त्यांच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. ज्याचीं चित्रें कारणावांचून पिवळीं होत चाललीं असतील, त्यानें रंग बदलण्याआधीं डोळे दाखवावे. आणि कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरण्याची जुनी खोड मुळींच ठेवूं नये. कॅडमियम, कोबाल्ट यांसारख्या धातूंचे रंग पोटांत जाण्यासाठीं नाहींत.

गांभीर्य कशास म्हणावें

वेळ घालविणें आणि वेळ देणें यांत अंतर आहे. भ्रमणध्वनीवर दुसऱ्याचा हात भराभर चालतांना पाहणें मनोरंजक खरें, पण त्यानें आपला हात चालत नाहीं; पोहण्याचें पुस्तक वाचून कोणी नदी तरत नाहीं. रोज ठरलेला एक तास, प्रत्येक कागदाच्या पाठीवर तारीख, आणि एकच विषय पुनःपुन्हां, एवढ्या तीन गोष्टी ज्यानें पाळल्या त्याचा अभ्यास गंभीर समजावा. विद्यार्थ्यांस आम्ही एक श्लोक दहादां म्हणावयास लावीत असूं, तो पाठ व्हावा म्हणून नव्हे, तर दहाव्या वेळीं त्याचा अर्थ दिसावा म्हणून.

उजनीच्या जलाशयांत बुडालेलें पळसदेवचें देऊळ पाणी फार ओसरलें म्हणजे उघडें पडतें. तें धरण आमच्या स्नेह्यांच्या हातचें नव्हे. त्यांचीं कामें दुसरीकडचीं आणि लहान. परंतु तीन उन्हाळे ते मुद्दाम पळसदेवास गेले आणि तें देऊळ त्यांनीं एकोणीस वेळां रंगविलें. आम्हीं विचारलें, "इतक्या वेळां कां?" ते म्हणाले, "बुडित क्षेत्राची कड मीं नकाशावर निळ्या रेषेनें किती वेळां आंखली असेल! रेषा बरोबर होती. पाणी शेतांस मिळालें, तेंहि बरोबर. पण रेषेच्या आंत काय होतें तें आंखतांना पाहावयाचें नसतें. आतां पाहतों." एकोणिसाव्या कागदावर देऊळ जेमतेम दोन हातांत आलें आहे, बाकी चिखल, ऊन आणि दूरवर पाण्याची एक निळी पट्टी. कौलें मोजणाऱ्या हाताचें हें काम आहे, असें कोणी सांगितल्यावांचून ओळखूं येणार नाहीं. त्यांनीं तो कागद चौकटींत बसविलेला नाहीं आणि कोणास विकण्याचाहि विचार नाहीं. आमच्या मतें, निवृत्ति या शब्दाचा जो जुना अर्थ आरंभीं सांगितला, त्याच्या जवळपास हें कोठें तरी येतें.

घरांतील माणसें

आतां गृहिणींच्या वतीनें दोन शब्द लिहिले नाहींत तर हा लेख एकांगी होईल. पहिल्या वर्षीं स्नेह्यांचें रंगकाम जेवणाच्या टेबलावर चाले. ओले कागद पसरलेले, रंगीत पाण्याचे पेले मांडलेले, वहिनींनीं चहा तेथें आणून द्यावयाचा, आणि नऊ माणसांचीं पानें मांडण्यासाठीं सारें उचलावयाचें तेंहि त्यांनींच. एके दिवशीं आमच्या देखत त्या शांतपणें म्हणाल्या, "अहो, तुमचें पेन्शन झालें, फार चांगलें झालें. माझा हार-नारळ केव्हां, तेवढें एकदां सांगून ठेवा."

या प्रश्नास उत्तर नव्हतें, आणि आमच्या बहुतेक घरांत तें अजून नाहीं. चाळीस वर्षें चुलीपुढें उभ्या राहिलेल्या बाईस अठ्ठावन्नावें वर्ष लागतें, पण तारीख लागत नाहीं. पुरुषाची निवृत्ति म्हणजे तिला घरांत आणखी एक माणूस दिवसभर सांभाळावयाचा. पतीच्या कलोपासनेचा भार जर पत्नीच्या पाठीवर पडत असेल, तर त्या कलेची किंमत दुसराच कोणी देत आहे, असें म्हणावें लागेल.

स्नेह्यांनीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं माळ्याखालची अडगळीची उत्तराभिमुख जागा त्यांनीं स्वतः रिकामी केली. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून चित्रासहि ती जागा सोयीची. पेले धुणें, कागद आवरणें हें त्यांचें त्यांनींच करावयाचें ठरलें. सकाळचा चहा, मातोश्रींचें औषधपाणी आणि संध्याकाळची भाजी चिरणें हीं कामें त्यांनीं आपल्याकडे घेतलीं आणि त्यांचें वेळापत्रक लिहून कपाटाच्या दारावर लाविलें, कारण लिहिलेलें नसेल तर तें काम आहे असें त्यांस वाटतच नाहीं! दुपारीं चार ते पांच हा तास वहिनींचा. त्या वेळांत त्या काय करतात हें विचारण्याचा अधिकार घरांत कोणासहि नाहीं, असें वहिनींनींच ठरविलें आहे. भाजी मात्र, वहिनी सांगतात, अजून मापानें चिरली जाते. भेंडीचा प्रत्येक तुकडा सारखा.

मुलांसुनांसहि थोडें सांगावेंसें वाटतें. वडील माणूस नवशिका होऊन बसतें तेव्हां त्यास हंसूं नये, पण पहिल्याच चित्रास "वा, काय सुंदर!" म्हणून भलतें कौतुकहि करूं नये. साठ वर्षांच्या माणसास खोटी स्तुति ओळखतां येते आणि ती त्यास उपहासाहून अधिक लागते. त्यापेक्षां, "या ठिकाणीं रंग असा कसा पसरला?" असा एक खरा प्रश्न विचारावा. जो आयुष्यभर उत्तरें देत आला, त्यास कोणी विचारणारें आहे एवढ्यानेंच पुष्कळ आधार मिळतो. आणि नातवंडांस जवळ बसूं द्यावें. कित्येक शाळांत परीक्षा जवळ आली कीं चित्रकलेचा तास गणिताकडे वळतो. तो तास आजोबांच्या खिडकींत परत मिळाला तर मुलांचें त्यांत हितच आहे. शिवाय कागद बिघडला असतां आजोबा तो फाडीत नाहींत, पाठीवर तारीख घालून ठेवून देतात, हें मुलांच्या नजरेस पडतें. आणि तो धडा पाठ्यपुस्तकांत सहसा सांपडत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांची तारीख जवळ आली असेल, त्यांनीं हार-नारळाच्या आधींच एक चांगला कागद, दोन कुंचले आणि सहा रंग आणून ठेवावे. चित्रकार होण्याची घाई नसावी. पहिलीं शंभर पानें पाण्यासच द्यावयाचीं आहेत, असें समजून चालावें. रोजच्या ओळखीचें कांहीं तरी समोर घ्यावें: अंगणांतील तुळस, गच्चीवरचें धुणें, देवघरांतील तांब्याचा कलश. त्या कलशावर उजेड कोठें पडला आहे, तेवढी कागदाची जागा कोरी सोडावी. बाकीचें पाणी शिकवील.